काळ्या दगडाची लांब पोळी

मागच्या महिन्यात मी माझ्या मुलीवर असा ओरडलो की शेजारचा म्हातारा काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं घरात साप निघाला.

साप नव्हता. मुलगी तिच्या आईची पेटी आवरत होती. बायको जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. त्या पेटीला हात लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मीच मुलीला बोलावलं होतं. लुगड्यांच्या खाली एक आगपेटी निघाली. आगपेटीत कापूस आणि कापसात अंगठ्याच्या नखाएवढी पातळ काच. मुलीनं ती उजेडासमोर धरली. मधे डाग दिसला. तिनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि पुसायला घेतलं.

"पुसू नको!"

तो डाग तिच्या आईच्या हातचा आहे. असाच एक डाग मी एकदा स्वतः पुसून बसलो होतो. सगळं सांगितल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, हे लिहून काढा. मी सातवी नापास माणूस. जमेल तसं लिहितो. बायकोबद्दल लिहा म्हटलं की लोक रडगाणं लिहितात. ते माझ्याच्यानं होणार नाही. मला तिच्याबरोबरचे ते सात-आठ दिवस आठवले की अजून छाती धडधडते, ते लिहितो.

साल सत्तरच्या पुढचं. मी नागपुरात एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. झाडू मारायचा, काचा धुवायच्या, यंत्रांवरची धूळ काढायची, चहा आणायचा. आमच्याकडे एक मॅडम संशोधन करायच्या. पंचविशीच्या, भिवापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. घरून मिरचीचं पोतं आलं की अर्ध्या विभागाला वाटायच्या आणि मग सगळ्यांचं नाकातून पाणी. मला मामा म्हणायच्या.

त्यांचा जीव एका काळ्या दगडात होता. मॉलिब्डेनाइट. हे नाव म्हणायला मला एक आठवडा लागला. शिसपेन्सिलीच्या शिशासारखा चमकायचा, हात लावला की बोटं काळी. पण त्याची गंमत अशी की तो नावाला दगड. आतून वही. पान पान सुटतं. चिकटपट्टीवर त्याचा खपला ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची. एका खपल्याचे दोन होतात, दोन्ही आधीपेक्षा पातळ. पुन्हा दुमडा, पुन्हा उघडा. शेवटी पट्टीवर नुसती करडी वाफ उरते. ती काचेवर दाबायची आणि पट्टी सोडवून घ्यायची. काचेवर काही राहिलं तर राहिलं. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. जाड असेल तो काळा दिसतो. उजेड आरपार जाईल इतका पातळ असेल तो हिरवा. आणि त्याहून पातळ झाला तर मुगाच्या वरणावर जे पाणी येतं ना, तेवढाच हिरवा.

"मामा, मला एवढंच बघायचंय," मॅडम म्हणाल्या होत्या, "की हा दगड पातळ होत होत दोन-चार थरांवर आला, तर तो तोच दगड राहतो, की वेगळंच काही होतो?"

मी म्हणालो, "वेगळाच होत असंन, मॅडम. इतवारीत बाजाराच्या गर्दीत माणूस वेगळा चालते. रिकाम्या रस्त्यावर वेगळा चालते. माणूस तोच."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून मी नुसता काचा धुणारा राहिलो नाही. त्या मापायच्या आणि मी सोलायचो. चार महिने सोललं. चार महिन्यांनी एक तुकडा मिळाला, मुगाच्या पाण्याच्या रंगाचा. मॅडमनी पेढे वाटले.

आता तो मापायचा कसा? मुंबईच्या एका संस्थेत एक यंत्र होतं. त्यात तुकडा भयंकर थंडीत ठेवायचा आणि त्यातून उजेड पाठवायचा. थंडीत दगडाचे कण चुळबुळ थांबवतात, मग उजेड काय म्हणतो ते साफ ऐकू येतं, असं मॅडम सांगायच्या. दीड वर्ष अर्ज करून त्यांना त्या यंत्रावर चार दिवस मिळाले होते. दसऱ्यानंतर सातव्या दिवशी गाडी. ती पाळी चुकली की पुन्हा कधी, कोणी सांगू शकत नव्हतं.

आणि नवमीच्या सकाळी मी तो तुकडा पुसला.

हे असं झालं. नवमीला दुपारी आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. हळद-कुंकू, नारळ, झेंडूची फुलं. आमच्या घरी छप्पन सालापासून हे सगळं बंद. वडलांनी देव्हारा उचलून ठेवला तो ठेवला. मी पूजेत उभा राहत नसे. तोंडावर कोणी बोलत नव्हतं, पण एक-दोघांचे डोळे बोलायचे. कामचोर म्हणायला कोणाला जागा नको, म्हणून मी सकाळी साफसफाई अशी करायचो की आरसा लाजेल. पूजा तुमची, चमक माझी. त्यात दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीसाठी गावाकडची मंडळी घरी येणार, म्हणून घाई. खिडकीत एक काच पडलेली दिसली. मधे पुसट डाग. तुकडा डबीत असतो हे मला पक्कं माहीत होतं. मॅडमनी तो उजेडात एकदा बघायला बाहेर काढलाय हे माहीत नव्हतं. मी काचेवर हुश्श करून वाफ सोडली आणि फडक्यानं घासली.

मॅडम आल्या. खिडकीकडे बघितलं.

"मामा, इथं एक काच होती."

"पुसून ठेवली ना, मॅडम. चकाचक."

त्या स्टुलावर बसल्या. काच घेऊन उजेडात इकडून तिकडून फिरवली. मला कळलं. तेवढ्यात साहेब आत आले, म्हणजे विभागाचे प्रमुख. हातात पूजेचा नारळ.

"काय, तुकडा तयार आहे ना मुंबईसाठी?"

"गेला, सर," मॅडम म्हणाल्या. "माझ्याच हातून गेला."

मी फडकं हातात धरून तिथंच उभा होतो. साहेबांनी डोक्याला हात लावला. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे साहेबांनी माझ्याकडे बघू नये म्हणून. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याला आमच्या सक्करदऱ्याच्या घरात अकरा पाहुणे. बायको अंगणात चुलीपुढे. ती लांब पोळी करायची. नागपूरच्या बाहेरच्यांना सांगतो: चुलीवर मडकं उलटं घालायचं. गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं की ते हातावरून ओघळतं. मग ते दोन्ही हातांवर झुलवत झुलवत लांबवायचं, कोपरापर्यंत, रुमालासारखं पातळ, आणि त्या तापल्या मडक्यावर पसरून टाकायचं. पोलपाट नाही, लाटणं नाही. पोळीतून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे. बायकोच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे काळे डाग होते. सक्करदऱ्यात तिच्याएवढी पातळ पोळी कोणाची नव्हती, आणि ते ती स्वतःच सांगायची.

मी ताट पुढ्यात घेऊन बसलो होतो. घास उतरेना.

"काहून वं, कशी पाह्यतं?" मी विचारलं, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

"तुमी सांगा. कालपासून तोंड असं करून बसले का जसं दीक्षाभूमीवर चप्पल चोरीले गेली."

सांगितलं सगळं. तिचे हात थांबले नाहीत. पीठ झुलतच होतं.

"तुमी पुसली?"

"हो."

"अन् त्या पोट्टीनं तुमचं नाव नाई घेतलं?"

"नाई घेतलं."

"मंग बसून काय राहिले? उठा. नवी करून द्या तिले."

"चार महिन्यांत एक झाली होती. आता सहा दिवस हायेत."

"करता तरी कशी, ते दाखवा."

माझ्या सदऱ्याच्या खिशात चिकटपट्टीचा एक जुना तुकडा होता, दगडाचा भुगा लागलेला. घरातली तसबीर अंगणात आणली, तिच्या काचेवर तो दाबला आणि दाखवायला फर्रकन ओढला.

ती इतकी हसली की पोळी एका बाजूला लोंबली. "अजी, कुत्र्याच्या तोंडातून हाड ओढून राहिले का? पातळ गोष्टीले असं ओढते का कोणी? हात वर नाई न्यायचा. हात आडवा ठेवा. मागे मागे घ्या, तिचं तिले कळलं नाई पाहिजे का आपल्याले सोडवून राहिले." मग पोळी मडक्यावर टाकत म्हणाली, "अन् तुमची काच कशी असते?"

"कशी म्हंजे? स्पिरिटनं धुतो. कूलरपुढं वाळवतो."

"म्हंजे थंडी. ओली. थंड्या मडक्यावर पोळी धरते का कधी? घसरून चुलीत जाते."

पाहुणे हसले. माझा एक साळा म्हणाला, "बाई, तू जाय ना कॉलेजात, याले बसव चुलीपुढे." मी हसलो नाही. मी जेवायचं ताट तसंच ठेवून उठलो होतो. सणाचा दिवस होता, कॉलेज बंद, नाहीतर तेव्हाच पळालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मॅडम माझ्याआधी येऊन सोलत बसलेल्या. डोळे सुजलेले. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं: मडकं, पोळी, थंडी काच. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. चिकटपट्टी हातातून खाली ठेवली.

"पाणी," त्या म्हणाल्या. "मामा, पाणी! काचेवर हवेतलं पाणी बसतं. डोळ्याला दिसत नाही इतकं पातळ. आपण कूलर लावून त्यात भर घालतो. थर काचेला टेकतच नाही, तो पाण्यावर टेकतो!" उठून त्यांनी कूलर बंद केला. "काच गरम करून बघू."

काच दिव्याच्या खोक्यात ठेवली, जिथं आम्ही भांडी वाळवायचो. पहिली इतकी तापली की पट्टीचा डिंक गुळाच्या पाकासारखा पसरला. दुसरी कोमट राहिली, तिच्यावर काहीच धरलं नाही. मधलं माप सापडेना. काच नखाएवढी, पापुद्र्यासारखी. थर्मामीटर तिला नीट टेकायचाच नाही. दोन दिवस असेच गेले. ऑक्टोबरची उन्हं, कूलर बंद, आम्ही दोघं घामानं निथळलेलो. पण सांगतो, मजा येत होती. कारण मधूनच एखाद्या काचेवर आधी कधी नव्हता तेवढा मोठा काळा खपला धरायचा. आपण बरोबर रस्त्यावर आहोत हे दोघांना कळत होतं.

"नेमकी किती गरम, मामा? मामींना विचारा ना."

"तिले आकडा नाई सांगता येत, मॅडम. ती हात लावून सांगते."

"मग त्यांनाच घेऊन या."

बायको तयार होईना. "मी काय करू त्या मशिनीत? लोक हसतीन." मग तीच म्हणाली, "त्या पोट्टीनं तुमचं नाव नाई घेतलं," आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून सायकलवर मागे बसली.

तिला स्टुलावर बसवलं. तिनं मॅडमना आधी नीट न्याहाळलं. "कित्ती वाळली वं तू पोरी. जेवत नाई का?" मग बांगड्या वर सारल्या. मी खोक्यातून काच चिमट्यानं काढायचो, ती हाताची उलटी बाजू काचेजवळ न्यायची, टेकवल्या न टेकवल्यासारखी.

"अजून." काच परत आत. "अजून थोडी." परत आत. "हां. आता. लवकर!"

तेवढ्यात साहेब दारात. कूलर बंद, खिडक्या उघड्या, आणि स्टुलावर लुगडं नेसलेली बाई.

"ह्या कोण?"

"तज्ज्ञ आहेत, सर," मॅडम मान न वळवता म्हणाल्या. "तापमानाच्या."

साहेब थोडा वेळ उभे राहिले. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले. अर्धा तास ते गेलेच नाहीत.

बायकोनं पट्टी काचेवर ठेवली आणि तळहात टेकवला. दाबला नाही, टेकवला. मॅडमनी घड्याळ काढलं. "किती वेळ ठेवायचं, मामी?"

"मुरंपर्यंत."

"मुरलं कसं कळतं?"

"कळते." आणि मग तिनं हात आडवा ठेवून पट्टी मागे मागे घेतली, इतकी हळू की मला वाटलं ती थांबलीच आहे.

पहिल्या काचेवर काळे ठिपके. दुसरी तशीच. तिसरीवर हिरवं काहीतरी होतं, पण फाटकं. माझ्या हातानं मी एक काच केली, तिच्यावर चांगला मोठा हिरवा तुकडा धरला. मी उडालोच. मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पण अजून पातळ हवा." तो तुकडा आम्ही बाजूला ठेवला. बायकोची सातवी का आठवी काच मॅडमनी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्या वाकल्या. आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत.

"मामा," त्या म्हणाल्या. "मामा, बघा."

मी बघितलं. आधी वाटलं काहीच नाही. मग कड दिसली. ब्लेडनं कापल्यासारखी सरळ कड, आणि कडेच्या आत मुगाचं पाणी. त्याच्याही आत एक कोपरा असा होता की तिथं हिरवं आहे असं म्हणायलाही भीती वाटावी. पुसलेला तुकडा याच्यापुढे गोधडी होती! मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली. साहेब खुर्चीतून उठून चक्क रांगेत उभे राहिले.

"मले पाहू द्या ना," बायको म्हणाली. "केली मी, अन् पाह्यता तुमी."

तिनं डोळा लावला. "माह्या पापण्याच दिसून राहिल्या."

"डोळा थोडा मागे घ्या, मामी."

"हां... हां. माय वं!" तिनं दोन्ही हात टेबलावर टेकवले. "सक्करदऱ्याचं तळं हाये हे तं. काठावर जिथं शेवाळ पातळ होते ना, तसं." डोळा न काढता तिनं विचारलं, "अन् हे मी केलं?"

दोन्ही काचा, तिची आणि माझी, कापूस घालून दोन आगपेट्यांत ठेवल्या. मॅडम त्या मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. बायकोनं त्यांना लांब पोळ्या बांधून दिल्या होत्या, वर ठेचा.

ते दहा दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. चहा आणायला गेलो तर मोकळी किटली घेऊन परत यायचो. बायको संध्याकाळी विचारायची, "आली का पोट्टी?" नाही म्हटलं की मडकं जरा जोरानंच उलटं घालायची.

आल्या त्या थेट स्टेशनवरून, सामानासकट. टेबलावर एक लांबच लांब कागदाची गुंडाळी सोडली. दगडानं कोणत्या रंगाचा उजेड किती गिळला, त्याची रेघ यंत्राचं पेन त्या कागदावर काढतं. आमच्या इथल्या यंत्रावर जाड तुकड्याची रेघ मी कित्येकदा बघितली होती: दोन उंचवटे, थकल्या बैलाच्या वशिंडासारखे, बसके. इथं ते दोन भाले होते. उभे, टोकदार.

"हा जाड तुकडा, तिथल्याच थंडीत," मॅडमनी एक कागद पसरला. त्यावर दुसरा ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून धरले. "आणि हा पातळ."

भाल्यांची टोकं एकमेकांवर बसत नव्हती. पातळ तुकड्याची टोकं बाजूला सरकली होती. थोडीच, करंगळीच्या नखाएवढी. पण सरकली होती. मी बोट लावून बघितलं, पुन्हा बघितलं.

"चालतो ना वेगळा?" मी म्हणालो.

"चालतो, मामा!" त्या खिडकीपाशी उड्याच मारत होत्या. "गर्दीतून निघाला की वेगळा चालतो!"

आता हे शिकलेल्यांना काही मोठं वाटणार नाही. मला वाटलं. मी नवमीला जे पुसलं होतं ते परत आलं होतं, आणि वर व्याज म्हणून हे. मी तिथंच खाली फरशीवर बसलो.

मग विचारलं, "कोणाचा तुकडा हा? माहा का तिचा?"

मॅडमनी कागद गुंडाळायला घेतले. "तुमचा आधी लावला होता, मामा. मोठा होता म्हणून. थंडी वाढवली तसा काचेवरून उखडला. मामींचा चिकटून राहिला, शेवटपर्यंत."

घरी जाऊन बायकोला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिनं, भालेबिले. चुलीत फुंकर घातली.

"जाड होता तुमचा," ती म्हणाली. "जाड पोळी पहिले उखडते."

मॅडमचं काम पुरं झालं, त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्या घरी जेवायला आल्या आणि ती काच आगपेटीत घालून बायकोला देऊन गेल्या. म्हणाल्या, हिचं माप घेऊन झालं, आता ही तुमची. बायकोनं ती कोणाला दाखवली नाही. पण आमचं भांडण झालं, मी आवाज चढवला, की चुलीपुढून तेच यायचं: "जाड होता तुमचा." आमच्या संसारात किती वेळा ऐकलं असेल, मोजलं नाही.

लोक म्हणतात, एकटं पडलं की माणूस बदलतो. पडलो एकटा. मी काही हिरवा झालो नाही. आहे तसाच जाड आहे.

काल मुलगी आली होती. तिला खिडकीत बसवलं, काच चिमट्यानं धरली आणि तिरपी केली. "दिसते?" म्हटलं. नाही म्हणाली. अजून थोडी तिरपी केली. "आता?" तिनं श्वास रोखला होता, काचेवर वाफ जाऊ नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच.

"दिसली, बाबा," ती म्हणाली. "हिरवी."